अपेंडिक्स म्हणालेत? आधी मोजे काढून पाय बघा

ताई, सहा वर्षांचा मुलगा, चार दिवस पोटदुखी, सर्जनना अपेंडिक्सची शंका आणि काल रात्रीपासून पायांवर लाल ठिपके, असं लिहिलंय तुम्ही. ते ठिपके सर्जनना आजच दाखवा. ताप चढून पोर सुस्तावलं असेल तर आत्ताच हॉस्पिटलला निघा, ते प्रकरण वेगळं असू शकतं.

आमच्या धाकट्याला सातव्या वर्षी हेच झालं. आधी सर्दी-खोकला, मग पोटात अशी कळ की पाय पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडायचा. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात सिस्टरने त्याचे मोजे काढले, तर इलॅस्टिकच्या वळावर जांभळट ठिपक्यांची रांग. दाबलं तरी रंग जाईना, बोट फिरवलं तर उंचवटे लागत होते. पालथं केलं तर ढुंगणावरही तेच. बालरोगतज्ज्ञांनी बघताक्षणी नाव घेतलं: हेनॉख-शोनलाइन परप्युरा. हल्ली आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. प्लेटलेट नॉर्मल आल्या, डेंग्यूची धास्ती गेली.

यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. आतड्याच्या भिंतीतल्या वाहिन्या पाझरतात, भिंत फुगते, म्हणून दुखतं. कापून काढण्यासारखं बहुधा काही नसतं. काही मुलांत पोट आधी दुखतं आणि पुरळ नंतर उठतं, त्यामुळे पहिल्या सर्जनना मी नावं ठेवत नाही.

पण म्हणून सर्जनना रामराम करू नका. फुगलेलं आतडं कधीकधी पुढच्या आतड्यात शिरतं. तान्ह्या बाळांत हे बहुतेकदा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी होतं. या आजारात बऱ्याचदा लहान आतड्यातच होतं, त्यामुळे खालून हवा किंवा पाणी सोडून उलगडायचा नेहमीचा उपाय तिथवर पोचेलच असं नाही. थांबून थांबून जोराची कळ, हिरवी उलटी, शौचातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर सोनोग्राफी पुन्हा करायला लावा, काल केली असली तरी. आणि मुलगा लाजून सांगणार नाही, तुम्हीच विचारा: अंडकोषाला सूज आहे का? याच आजाराने येते, पण अंडकोषाला पीळ पडला असेल तर तासांचा खेळ असतो. डॉपलर सोनोग्राफीत रक्तपुरवठा बघतात.

ब्रुफेन स्वतःहून देऊ नका. आमच्याला स्टेरॉइडने पोटाला दोन दिवसांत उतार पडला, पण हा आजार मूत्रपिंडालाही धरू शकतो आणि स्टेरॉइडने ते वाचतंच असं नाही. म्हणून लघवीची तपासणी आणि बीपी सहा महिने चुकवायचं नाही. पोर तोवर गल्लीत क्रिकेट खेळत असतं आणि आपण सकाळी सकाळी बाटली घेऊन लॅबच्या रांगेत.