दुसऱ्याच्या फोनमधून जाणारं आपलं बोलणं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला: स्वतःच्या उपकरणाला रेंज नाही, म्हणून ते शेजारच्या उपकरणाचं बोट धरून नेटवर्कपर्यंत जातं. वायफाय, ब्लूटूथ, लोरा (सेन्सरांसाठीचा लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ), वाट कुठलीही असो. मधला गडी विश्वासाचा नसेल तर काय, ही धास्ती मात्र सगळ्यांना सारखीच.

माझ्या खोलीत रेंज येत नाही. भावाच्या हॉटस्पॉटवरून मी वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी इंटरनेटवरून साधा फोन, करतो. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. माझं बोलणं त्याला किंवा त्या कंपनीला ऐकू जाईल का?

ऐकू जाणार नाही. तुम्ही बोलताय, एवढं मात्र कळू शकतं. वायफाय कॉलिंग सुरू करताना तुमचा फोन तुमच्याच कंपनीच्या दारापर्यंत आयपीसेकचा, म्हणजे आतला मजकूर कुलूपबंद ठेवणारा, बोगदा खणतो, आणि ओळख पटते ती सिममधल्या गुप्त किल्लीवर. भावाचा फोन या बोगद्याच्या भिंतीबाहेर राहतो.

हवं तर स्वतः बघा. हॉटस्पॉट लॅपटॉपवर चालू करा आणि वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर, लावा. आधी एक डीएनएस विचारणा, म्हणजे नावावरून इंटरनेटचा पत्ता विचारणं, दिसते. त्या पत्त्यातच तुमच्या कंपनीचा आकडा असतो, म्हणजे सिम कुणाचं हे तिथेच उघड होतं. मग यूडीपी पोर्ट ४५०० वर, म्हणजे बोगद्याच्या ठरलेल्या खिडकीवर, पॅकेटांची रांग लागते. फोन नुसता पडून असला तरी मधूनमधून एका बाइटचं चिमुकलं पॅकेट जातं. वाट बुजू नये म्हणून. कॉल लागला की साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. तुम्ही गप्प बसलात की एएमआर कोडेक (आवाजाचे आकडे करणारा भाग) बहुधा १६० मिलिसेकंदांतून एकदाच काहीतरी पाठवतो. म्हणजे शब्द कळत नाहीत, पण कोण किती बोललं याचा अंदाज पडद्यावरच्या ठिपक्यांवरून येतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जरा दचकलोच होतो.

आणखी एक फट आहे. बोगदा बांधताना फोन आपली ओळख सांगतो, ती समोरच्याची खात्री पटण्याआधी. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की खोटं दार उभं करून सिमचा कायमचा क्रमांक, आयएमएसआय, असा काढून घेता येतो. भावाकडून ही भीती नाही. अनोळखी फुकट वायफायवर मात्र आहे.

हॉटस्पॉटचा पासवर्ड लांबलचक ठेवला की झालं ना?

बाहेरच्यांसाठी, हो. पण त्या पासवर्डचं कुलूप हॉटस्पॉटवाल्या फोनपाशीच उघडतं. पुढे सगळं त्याच्या हातात. शिवाय डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड ठाऊक असलेला दुसरा पाहुणा तुमची सुरुवातीची हातमिळवणी पकडू शकला, तर तुमचा हवेतला मजकूर उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ते बंद केलं. सेटिंगमध्ये पर्याय असेल तर तोच निवडा.

माझं घड्याळ ब्लूटूथवरून फोनला जोडलेलं आहे आणि फोनचंच इंटरनेट वापरतं. जोडताना सहा आकडे आले होते, मी न बघता ‘होय’ दाबलं. काही बिघडलं का?

बहुधा नाही, पण ते आकडे शोभेचे नसतात. मध्ये कुणी बसून दोन्हीकडे खोट्या किल्ल्या दिल्या असतील, तर दोन पडद्यांवरचे आकडे जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. तुम्ही बघितलंच नाही, तर ही तपासणी झालीच नाही. मनात शंका असेल तर जोडणी काढून टाका आणि पुन्हा करा, या वेळी आकडे वाचून. फोन आणि घड्याळ दोन्हींचे अपडेट घ्या. २०१९ मध्ये नॉब नावाच्या हल्ल्यात क्लासिक ब्लूटूथची १६ बाइटची किल्ली वाटाघाटीत एका बाइटवर आणता येते असं उघड झालं होतं. एका बाइटच्या किल्ल्या २५६ च.

मी इंजिनिअरिंगला आहे. फाइव्ह-जीमध्ये एका फोनने दुसऱ्याला नेटवर्कपर्यंत न्यायची सोय आहे, तिला रिले म्हणतात. लेअर-२ रिले सुरक्षित की लेअर-३? सर म्हणतात लेअर-२.

सरांचं अर्धं बरोबर आहे. ही कल्पना थ्रीजीपीपीच्या, म्हणजे मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, रिलीज १३ मध्ये, २०१६ साली, पोलीस आणि अग्निशमन दलासारख्यांसाठी आली. २०२२ च्या रिलीज १७ मध्ये ती फाइव्ह-जीत दोन रूपांनी उतरली. दोन फोनमधल्या थेट दुव्याला साइडलिंक म्हणतात.

लेअर-२ मध्ये रिले फोन फक्त खालचे थर हाताळतो. एन्क्रिप्शन होतं त्या पीडीसीपी थराचं एक टोक तुमच्या फोनमध्ये, दुसरं थेट टॉवरपाशी. रिले बंद लिफाफा वाहतो. लेअर-३ मध्ये रिले राउटरसारखा वागतो: साइडलिंकचं कुलूप त्याच्याकडे उघडतं, टॉवरकडचं नवं तिथेच लागतं, आणि मधल्या क्षणी आयपी पॅकेट त्याच्या मेमरीत उघडं असतं. यावर मानकातच उतारा आहे. तुमचा फोन रिलेतून एन३आयडब्ल्यूएफ नावाच्या, तुमच्या कंपनीच्या नेटवर्कमधल्या, दारापर्यंत आयपीसेक बोगदा काढू शकतो. वर वायफाय कॉलिंगला वापरली तीच युक्ती. ती वापरली, तर रिलेला मजकूर दिसत नाही. वापरली नाही, तर सर बरोबर.

सर ज्याकडे बघत नाहीत ती बाजू रिलेवाल्याची. साध्या लेअर-३ मध्ये तुमचं इंटरनेट त्याच्या जोडणीतून बाहेर पडतं. तुम्ही उद्योग कराल, पत्ता त्याचा दिसेल. मला विचाराल तर मोठी डोकेदुखी ही आहे.

अजून एक. रिले शोधण्याच्या संदेशांना संरक्षण देणाऱ्या किल्ल्या नेटवर्ककडून आधी, रेंज असतानाच, घ्याव्या लागतात. तहान लागल्यावर विहीर खणून इथे भागत नाही.

हरवलेल्या वस्तू शोधायच्या टॅगचे निरोप म्हणे माझा फोन गुपचूप पोचवतो. मी अनोळखी माणसांचा हमाल का व्हावं?

हमालच, पण गाठोड्यात काय आहे हे न कळणारा. ॲपलच्या यंत्रणेत टॅग ठरावीक वेळाने बदलणारी सार्वजनिक किल्ली हवेत सोडतो. तुमचा फोन स्वतःचं ठिकाण त्या किल्लीने बंद करून सर्व्हरवर टाकतो. ते उघडणारी किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे. गंमत अशी, की हवेतली किल्ली खऱ्या टॅगची आहे का हे कुणी तपासत नसल्यामुळे २०२१ मध्ये एका संशोधकाने खोट्या किल्ल्यांत लपवून याच वाटेने स्वतःचा मजकूर पाठवून दाखवला. तुमचं त्यात नुकसान नाही. तरी नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करता येतं.

लोरा सेन्सर लावले आहेत, त्यांचे निरोप इंटरनेटवर पोचवणारा गेटवे दुसऱ्याचा. तो आमचे आकडे वाचेल का?

लोरावॅनमध्ये (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या नियमावलीत) किल्ल्या दोन: एक नेटवर्कची, एक तुमच्या ॲप्लिकेशनची. गेटवेकडे यातली एकही नसते. घोटाळा होतो तो सगळ्या सेन्सरांत एकच किल्ली भरल्यामुळे. दुसरा घोटाळा फ्रेम काउंटरचा, म्हणजे प्रत्येक पॅकेटवरच्या चढत्या क्रमांकाचा. वीज गेल्यावर काही सेन्सरांचा काउंटर शून्यावर येतो, सर्व्हर त्यांची पॅकेटं नाकारतो, आणि वैतागून कुणीतरी काउंटरची तपासणीच बंद करतं. मग गेटवेवाल्याला वाचायची गरजच उरत नाही. कालचं पॅकेट आज जसंच्या तसं पाठवलं तरी सर्व्हर ते खरं मानतो. आधी ती तपासणी चालू आहे का ते बघा.