तयार इमेज घ्यावी की मूळ सिस्टिम?

प्रश्न : आमच्या वाचनालयात नव्या पुस्तकांची यादी पडद्यावर दाखवायला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा संगणक घेतलाय. भाचा म्हणतो, कुणीतरी सगळं बसवून ठेवलेली इमेज (मेमरी कार्डावर जशीच्या तशी उतरवायची फाइल) आयती मिळते, तीच कार्डावर टाका. टाकू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नका टाकू, काका. रास्पबेरी पाय ओएस, म्हणजे बनवणाऱ्यांची मूळ सिस्टिमच घ्या. ती डेबियन या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट नियमित येतात. आयत्या इमेजमध्ये कुणी काय भरलंय, पासवर्ड सगळ्यांना एकच आहे का, हे तुम्हाला कळणार कसं?

माझ्याकडे गच्चीवरच्या टाकीची पातळी पाहायला अशीच २०१८ची इमेज होती, पाय ३ वर. करणाऱ्याने पुढे लक्षच दिलं नाही. बोर्ड जळला, म्हणून तेच कार्ड पाय ४ मध्ये घातलं. पडदा काळा, नुसता हिरवा दिवा लुकलुकतोय! पाय ४ आला २०१९ मध्ये. जुन्या इमेजला तो ओळखता येणार कुठून? दोन रविवार त्यात गेले.

भाच्याला म्हणावं, कार्डावर सिस्टिम उतरवणाऱ्या 'इमेजर' या प्रोग्राममध्येच वायफाय, युजरचं नाव आणि पासवर्ड भरता येतो. २०२२ पासून 'पाय' हा ठरलेला युजरही काढून टाकलाय, ते फार बरं झालं. मग ब्राउझर सुरू होताच यादी उघडेल, एवढंच वर बसवायचं. काय काय केलं ते वहीत ओळीने लिहा. कार्ड बिघडलं, आणि वीज अचानक गेली की ती बिघडतात, तर वही उघडून तासाभरात पुन्हा उभं करता येईल.