प्राध्यापकावर गंभीर गैरवर्तनाचा आरोप आला, तर विद्यापीठ त्याला लगेच बडतर्फ करू शकतं का?

नाही, लगेच करता येतं ते फार तर निलंबन, बडतर्फी चौकशीनंतरच. उच्च शिक्षणातल्या अध्यापकांबाबत युनेस्कोची १९९७ ची शिफारस हेच सांगते: कारण सबळ हवं आणि ते स्वतंत्र, त्रयस्थ मंडळापुढे सिद्ध व्हायला हवं. संशोधनातली बनावट आकडेवारी, गंभीर आर्थिक गैरव्यवहार, विद्यार्थ्यांशी लैंगिक गैरवर्तन, पैसे घेऊन गुण वाढवणं ही अशी कारणं. प्रशासनावर टीका केली, हे कारण होऊ शकत नाही, आणि ते तसं होऊही नये. क्रम असा: लेखी आरोपपत्र, सगळे पुरावे बघायला देणं, उत्तरासाठी पुरेसा वेळ, प्रतिनिधीसह सुनावणी, कारणांसह लेखी निर्णय, मग अपील. प्रकरण फसतं ते सहसा आरोपपत्रात. ‘गुणांत फेरफार केला’ एवढं मोघम लिहून भागत नाही. कोणती उत्तरपत्रिका, कोणता प्रश्न, ३ चे ८ कधी झाले, हे त्यात हवं. तक्रारदारच चौकशी समितीत बसला, तर खरा आरोपही अपिलात टिकणं अवघड. मात्र ही शिफारस कायद्यासारखी बंधनकारक नाही. प्रत्यक्षात त्या त्या देशाचा कायदा, विद्यापीठाचे सेवानियम आणि नेमणूकपत्र लागू होतं, त्यामुळे अपिलाची मुदत आधी तिथेच बघा.