टिश्यूकल्चर केळीची सगळी रोपं एकाच कंदाची, जनुकं तीच. मग काही झाडं बुटकी का निघतात?

प्रश्न असा आहे: रावेर तालुक्यात मृगबागेत (जून-जुलैची लागवड) टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, ग्रँड नाईन जातीची केळी लावली. तीन-चार महिन्यांनी काही झाडं बुटकी राहिली, पानं आखूड आणि गोलसर. नर्सरीवाला म्हणतो, "एकाच कंदाची रोपं आहेत, जनुकं तीच, फरक पडूच शकत नाही." हे खरं का? आणि यात स्टेम सेल म्हणतात त्या नेमक्या कुठे आल्या?

नर्सरीवाला खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. जनुकं तीच असली तरी कुठलं कधी चालू, कुठलं कधी बंद, हा हिशेब बाटलीत बिघडू शकतो. कधीकधी तर जनुकांचाही हिशेब बिघडतो.

आधी स्टेम सेल. केळीचं खोड म्हणतो ते खोड नाहीच, एकात एक गुंडाळलेली सोपटं आहेत. खरं खोड जमिनीत, म्हणजे कंद. एखादा पील, म्हणजे कंदातून फुटलेलं पिल्लू, उभा चिरून पाहा. सोपटं एकेक करून आत जात राहिलं की कंदाच्या माथ्यावर मधोमध पांढरा, ओलसर फुगवटा दिसतो, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. झाडाच्या स्टेम सेल तिथे. प्रत्येक पान तिथूनच निघतं, आणि वेळ आली की कमळही, म्हणजे केळफूल, तिथूनच सुटतं.

हा स्टेम सेलचा ढीग वाढतही नाही आणि संपतही नाही, याचं कारण दोन जनुकांची जुगलबंदी. ती मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा झाडावर उलगडली. ढिगाच्या तळाच्या पेशींत वुशेल नावाचं जनुक चालू असतं. त्याचं प्रथिन वर सरकतं आणि वरच्या पेशींना स्टेम सेलच ठेवतं. वरच्या पेशी उलट क्लाव्हाटा-३ नावाचा छोटा प्रथिनाचा तुकडा सोडतात, तो खाली येऊन वुशेलला आवरतो. टाकीतल्या बॉलकॉकसारखं: पाणी चढलं की नळ बंद, उतरलं की चालू. टिश्यूकल्चरवाला करतो काय, तर हा बॉलकॉक मुद्दाम दाबून धरतो.

आता प्रयोगशाळेत काय होतं ते. तलवारीसारख्या अरुंद पानांचा, निरोगी आणि विषाणू तपासलेल्या मातृझाडाचा पील घेतात. बाहेरची सोपटं काढून अडीच-तीन सेंटिमीटरचा ठोकळा उरवतात, बुरशीनाशकात धुतात, मग ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये किंवा सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं बुडवून निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुतात. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे, ते पाणी मोरीत ओतायचं नसतं. शेवटी सेंटिमीटरभराचं टोक उरतं आणि ते बाटलीत जातं.

बाटलीतलं अन्न बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांचं, १९६२ सालचं, तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं. लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट, १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, बाकीचे क्षार, जीवनसत्त्वं, ३० ग्रॅम साखर आणि घट्ट करायला ६ ते ८ ग्रॅम अगार. सामू ५.८ वर आणून १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक. सामू ५ च्या खाली गेला तर अगार नीट गोठत नाही आणि टोक त्यात बुडून गुदमरतं. बाटल्यांची खोली २५ अंशांच्या आसपास आणि १६ तास उजेड. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ही खोली २५ वर ठेवायचं वीजबिल रोपाच्या किमतीत येतंच.

खरी कळ मात्र संप्रेरकांत. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवलं की ऑक्सिन जास्त, सायटोकायनिन कमी असेल तर मुळ्या फुटतात; उलट केलं तर कोंब; दोन्ही तुल्यबळ असतील तर नुसता पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस. केळीत कोंब हवेत, म्हणून बीएपी हे सायटोकायनिन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास घालतात. पेशीतल्या ग्राहकावर ते बसतं, तिथून फॉस्फेटचा निरोप हातोहात केंद्रकापर्यंत जातो आणि वुशेलसारखी जनुकं जोरात चालू होतात. ऑक्सिनची रीत निराळी आहे. ते जनुक स्वतः चालू करत नाही, जनुकाला दाबून ठेवणारं प्रथिन कचऱ्यात पाठवतं. पहारेकरी हटला की जनुक आपोआप चालू. म्हणून मुळ्यांच्या टप्प्यात बीएपी काढून आयबीए किंवा एनएए ही ऑक्सिनं देतात.

पहिल्या काही दिवसांत टोक काळं पडतं. कापल्या जागेतून फिनॉल सुटतात, केळ चिरून ठेवली की काळी पडते तसंच. ताज्या अन्नात वारंवार बदलायचं, किंवा आधी अ‍ॅस्कॉर्बिक आम्लात बुडवायचं. दुसरी डोकेदुखी उशिरा कळते: तिसऱ्या-चौथ्या फेरीत कोंबाच्या बुडाशी दुधट साय दिसते. ते जिवाणू पहिल्यापासून कंदाच्या आतच असतात, बाहेरच्या धुण्यानं जात नाहीत. अशी बाटली टाकायचीच, वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही.

नंतर टोक उभं चिरून मुख्य कोंबाची मक्तेदारी मोडतात, म्हणजे बाजूचे डोळे फुटतात. दर तीन-चार आठवड्यांनी कोंब वेगळे करून नव्या बाटलीत. एका फेरीत तिप्पट धरलं तर सहा फेऱ्यांत ७२९, आठ फेऱ्यांत ६५६१. तुमचा फरक या आकड्यांत दडलेला आहे. दर फेरीत पेशी संप्रेरकांच्या माऱ्यात भराभर दुभंगतात आणि दर दुभंगण्यात चुकीची संधी असते. आठेक फेऱ्यांवर थांबा म्हणतात ते याचसाठी. लोभानं दहा-बारा फेऱ्या काढल्या तर रोप स्वस्त पडतं, बाग महाग पडते.

चूक दोन जातींची. एक गुणसूत्रांची. ग्रँड नाईन त्रिगुणित आहे, ११ चे तीन संच, एकूण ३३. एखादं गुणसूत्र कमी-जास्त झालं की पान जाड, अरुंद, कडा लाटेसारख्या आणि फिकट डाग. लोक याला हरण्या समजून मावा मारायला फवारे घेतात. हरण्या म्हणजे सीएमव्ही (काकडी मोझॅक) विषाणूचा रोग. तो विषाणू माव्यानं पसरतो, शेजारी काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो असेल तर अधिकच. गुणसूत्रांचा दोष शेजारच्या झाडावर जात नाही, आहे त्या झाडावरच राहतो.

दुसरी चूक अक्षराची नाही, खुणेची. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराला मिथाइलची चिकटी लावून पेशी काही भाग बंद ठेवते आणि दुभंगताना ती चिकटीही नकलून घेते. बाटलीत नक्कल चुकते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तेलताडात मिळालं: २०१५ साली दाखवण्यात आलं की 'कर्मा' नावाच्या, एरवी बंद असलेल्या उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यावरचं मिथाइल गेलं की ताडाला विकृत फळं धरतात आणि तेल घटतं. झाड फळावर येईपर्यंत काही वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांतही मिथाइलच्या खुणा बदललेल्या आढळल्या आहेत.

त्यामानानं केळी दयाळू आहे, बुटकेपण नर्सरीतच दिसतं. ग्रँड नाईन ज्यात मोडते त्या कॅव्हेंडिश गटात सगळ्यात जास्त आढळणारा दोषही हाच. दुसऱ्या हार्डनिंगमध्ये, म्हणजे रोपं बाहेरच्या हवेला सरावायच्या टप्प्यात, पिशवीतली रोपं फूटभराची, पाच-सहा पानांची झाली की ओळीच्या एका टोकाला बसून आडवी नजर टाका. बुटक्याचा देठ आखूड, पानं एकमेकांत दाटलेली, पान लांबीच्या मानानं रुंद. नुसत्या उंचीवर जाऊ नका. खताची किंवा पाण्याची कमतरता असलेलं रोपही खुजं राहतं, पण त्याच्या पानाचा आकार बिघडत नाही. शंका राहिली तर जिबरेलिक आम्लाची फवारणी: नीट रोप ताणून लांब होतं, बुटकं फारसं हलत नाही.

तुमच्या बागेत आता झालं ते झालं. निसवणीची, म्हणजे कमळ सुटायची, वाट पाहू नका. बुटक्या झाडाचा घड आखूड, फण्या दाटलेल्या निघतात, आणि त्याचा पील पुढे धरला तर पीलबागेतही (पिलांवर धरलेल्या पुढच्या पिकात) तेच झाड येतं. कंदासकट उपटा. मोकळ्या जागी लगेच नवं रोप लावलं तरच ते बागेबरोबर कापणीला येईल. तीन-चार महिन्यांची बाग असेल तर शेजारच्या सावलीत ते दबतं, तेव्हा जागा रिकामी सोडलेली बरी. पुढच्या वेळी नर्सरीत दोनच गोष्टी मागा: मातृझाडाचा विषाणू तपासणीचा दाखला (पर्णगुच्छ, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक आणि सीएमव्ही) आणि त्या लॉटची फेऱ्यांची नोंद. चांगल्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर ती पेननं लिहिलेली असते.