‘जंप’चं ‘हंप’ का होतं?

“ताई, दुसरीत गेली तरी ती ‘जंप’ला ‘हंप’ वाचते. ‘हॉट’ला ‘ऑट’. काहीतरी चुकतंय ना हो आमचं?”

ह्यूस्टनजवळ राहणारी ही आई फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. मुलीला आपण इरा म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. इरा सरकारी प्राथमिक शाळेत स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक वर्गात शिकते, घरी मराठी बोलते. इंग्रजी वाचनाच्या चाचणीत ती मागे पडली, तेव्हा ओळखीच्यांनी सांगितलं, तीन भाषांचा गोंधळ होतोय, निदान मराठी तरी बंद करा. दोघांनी आठवडाभर घरात फक्त इंग्रजी बोलून पाहिलं. “घर गप्पच झालं,” आई म्हणाली.

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की येताना इराचं एक इंग्रजी आणि एक स्पॅनिश पुस्तक घेऊन या.

इंग्रजी पुस्तक तिनं अडखळत वाचलं, मधेच आईकडे बघत. मग स्पॅनिश पुस्तक उघडलं. बोट ओळीखालून सरसर पुढे, आवाज चढलेला, आणि एका पानावर ती खुदकन हसली. बाबा बघतच राहिले. त्यांना स्पॅनिश येत नाही, त्यामुळे तो गृहपाठ घरी कुणी कधी ऐकलाच नव्हता. आपली मुलगी वाचते, हे त्यांना त्या दिवशी कळलं!

इराच्या शाळेत ९०-१० पद्धत आहे. बालवर्गात नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमधून, मग दरवर्षी इंग्रजीचा वाटा वाढत वाढत निम्म्यावर येतो. म्हणजे वाचायला ती शिकली स्पॅनिशमधून. तिथे ‘जे’ (j) या अक्षराचा उच्चार आपल्या ‘ह’सारखा होतो आणि ‘एच’ (h) मुका असतो. ‘हंप’ आणि ‘ऑट’ वाचताना ती शिकलेला नियम चोख लावत होती, फक्त दुसऱ्या भाषेला. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, आणि बहुतेक अक्षरं लिहिली तशी वाचायची, जवळपास आपल्या देवनागरीसारखी. इंग्रजी अशी सरळ नाही, तिला वेळ लागतो.

“पण हा प्रयोग आमच्याच मुलीवर का?” बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. प्रयोग मात्र नवा नाही. मायामीच्या कोरल वे प्राथमिक शाळेत १९६३ साली क्युबाहून आलेली निर्वासित मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं दोन्ही भाषांमधून शिकू लागली, तेव्हापासून असे वर्ग चालू आहेत. या वर्गांतली मुलं पहिली-दुसरीत इंग्रजी वाचनात मागे दिसणं नेहमीचंच आहे. प्राथमिक शाळा संपेपर्यंत बहुतेक जणं बरोबरीला येतात. पण त्यासाठी पाच-सहा वर्षं टिकून राहावं लागतं. दुसरीत घाबरून वर्ग बदलला, तर स्पॅनिश अर्धवट राहते आणि इंग्रजीचं वाचन नुकतंच लागायला आलेलं असतं. म्हणून वर्ग बदलायची घाई करू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी तपासतेच, शब्दातले आवाज मुलाला सुटे करता येतात का. इराला विचारलं, “‘कमळ’मधला ‘क’ पळाला, काय उरलं?” “मळ!” ती टाळी वाजवत ओरडली. यमकं जुळवणंही तिला सहज जमलं. मूल स्पॅनिशमध्येही अडत असेल, मराठीतही बोलायला उशीर झाला असेल, किंवा ऐकू येण्याबद्दल शंका असेल, तर ‘दोन भाषांमुळे असेल’ म्हणून थांबू नका. शाळेकडे लेखी मूल्यमापन मागा, आणि ते मुलाच्या भाषेत व्हावं असा आग्रह धरा. अमेरिकेचा केंद्रीय कायदाच तसं सांगतो. नुसती वाट बघण्यात मुलांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मराठी त्या संध्याकाळपासूनच पुन्हा सुरू करायला सांगितली. आईबाबा ज्या भाषेत रागावतात, लाड करतात, गोष्ट रंगवून सांगतात, त्याच भाषेत मुलाचे शब्द वाढतात, आणि ते पुढे इंग्रजीच्याही कामी येतात. रोज रात्री पंधरा मिनिटं आईनं इंग्रजी वाचून दाखवायचं, बाबांनी इराकडून स्पॅनिश ऐकायचं. कळलं नाही तर तिलाच विचारायचं.

पुढची गंमत मिरजेच्या आजीनं केली. व्हिडिओ कॉलवर इरानं सांगितलं, की शर्टाला स्पॅनिशमध्ये ‘कामिसा’ म्हणतात. आजी म्हणाली, “अगं, म्हणजे आपला खमीस!” मग साबण आणि ‘हाबोन’ सापडले. पैसे देण्याला ‘पागार’ म्हणतात हे ऐकून तर आजीनं आजोबांना हाक मारून बोलावलं. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. आता दर रविवारी इरा एक नवा शब्द घेऊन आजीसमोर बसते.

चार महिन्यांनी आईचा फोन आला. इरा दमली की अजूनही ‘हंप’ वाचते. मग स्वतःच थांबते, “नाही, हे इंग्रजी आहे,” म्हणते, आणि ‘जंप’ वाचून पुढे जाते.