जाड ऑईल म्हणजे चांगलं ऑईल? इंजिन ऑईलच्या ग्रेडविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलंय. दुकानदार म्हणतो, उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, २०डब्ल्यू-५० न्या. कोणाचं ऐकू?

पुस्तकाचं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा असतो. १५डब्ल्यूची स्टार्टिंग चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. जिथे पारा शून्याखाली जातच नाही, तिथे १५ की २० हा वाद जवळजवळ निरर्थक आहे. एपीआय वर्ग (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने ठरवलेला ऑईलचा दर्जा, डब्यावर छापलेला असतो) पुस्तकात दिलेलाच असेल, तर अशा ठिकाणी १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-४० टाकल्याने काही बिघडत नाही.

खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. ४० म्हणजे १०० अंशांवर ऑईलचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आता उन्हाचं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान एका पातळीवर राखणारी झडप) असतो. रेडिएटरची जाळी साफ असेल तर बाहेर ३० अंश असोत की ४२, कामावर असलेल्या इंजिनाच्या चेंबरमधलं (खालच्या ऑईलच्या टाकीतलं) ऑईल साधारण ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यातच राहतं. (हवेने थंड होणारी इंजिनं जास्त तापतात, त्यांचा तक्ता वेगळा असतो.) उलट सकाळी सेल्फ मारताना, ३० अंशांच्या हवेतही, १५डब्ल्यू-४० ऑईल चालू इंजिनातल्यापेक्षा दहापटीहून जाड असतं. त्यात ग्रेड आणखी चढवली, तर फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि न गाळलेलं ऑईल थेट बेअरिंगांत जातं. टर्बोपर्यंत (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) ऑईल पोचायलाही उशीर होतो.

जाड ऑईल टाकलं की प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालक खूश होतो. तो दाब वाढलेल्या अडथळ्याचा असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑईल परत चेंबरमध्ये सोडतो, म्हणजे बेअरिंगमधून वाहणारं ऑईल कमीच होतं. बेअरिंगची उष्णता वाहतं ऑईलच बाहेर काढतं. पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० ला जागा दिली असेल तर खुशाल वापरा. नसेल तर नाही.

प्रश्न : जुना ट्रॅक्टर ऑईल खातो, निळा धूर मारतो. फिटर म्हणतो, ५० नंबर टाका, बंद होईल. होईल का?

कधी कमी होईल, क्वचितच बंद होईल. आधी किती खातो ते मोजा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरा. पुढे १०० लिटर डिझेल जळेपर्यंत रोज त्याच जागी पाहा आणि भरलेलं ऑईल मापाने लिहून ठेवा. अर्धा लिटरपर्यंत लागलं तर जुन्या इंजिनाला चालण्यासारखं आहे. एक लिटरच्या पुढे गेलं तर ग्रेड बदलून भागणार नाही, दुखणं शोधावं लागेल.

ते शोधायला धुराची वेळ उपयोगी पडते. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर आणि मिनिटभरात साफ, तर संशय व्हॉल्व्ह गाइड आणि सीलवर. इथे एक पायरी जाड ऑईल थोडं काम करतं. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस, तर रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) गेले. ऑईल रिंगची भोकं कार्बनने बुजली असतील तर खरवडलेल्या ऑईलला परत जायला वाटच नसते, आणि जाड ऑईल तिथे आणखी अडतं. टर्बो असेल तर हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑईलचा पुसट थर चालतो, थारोळं चालत नाही. धूर अजिबात नसून ऑईल कमी होत असेल, तर क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीलखाली बघा.

ट्रॅक्टरच्या रिंगा लवकर जायचं नेहमीचं कारण ऑईल नसतंच, धूळ असते. एअर क्लीनरनंतरचा रबरी पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तपकिरी धूळ आली तर क्लिप सैल आहे, पाइपला चीर आहे किंवा ऑईल-बाथ क्लीनरच्या वाटीत ऑईल खुणेखाली आहे. हे न बघता नव्या रिंगा घातल्या तर त्याही तशाच जातील.

इंजिन गरम असताना ठरलेल्या आरपीएमला दाब पुस्तकातल्या किमान आकड्याच्या जेमतेम वर असेल, तर इंजिनाचं काम निघेपर्यंत ४० वरून ५० वर जाणं समजण्यासारखं आहे. तो तात्पुरता इलाज आहे एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : नवीन डिझेल गाडीला कंपनी ५डब्ल्यू-३० सांगते. हाताला पाण्यासारखं लागतं. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० टाकलं तर?

बोटांत चोळून ग्रेड कळत नाही. बेअरिंगवर ऑईलची खरी परीक्षा १५० अंशांवर, वेगाने घासलं जात असताना होते. एचटीएचएस नावाचा आकडा तीच सांगतो. साध्या ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, १५डब्ल्यू-४० ला ३.७. पण डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) या संस्थेचा सी३ वर्ग लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतो. म्हणजे बोटाला पातळ वाटणारं हे ऑईल खऱ्या कामाच्या जागी ४० च्या अगदी जवळ असतं. सी२ लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० ला मात्र २.९ पुरतो. ग्रेड एक, ऑईल वेगळं. म्हणून पूर्ण ओळ वाचून घ्या.

दुसरा मुद्दा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी ती जाळी तापवून साफ करते तेव्हा, जळते. ऑईलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख जळत नाही, ती जाळीत साठतच जाते. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, एपीआय सीके-४ (डिझेल इंजिनाच्या ऑईलचा वर्ग) मध्ये १ टक्का. जुन्या वर्गाचं ऑईल टाकून वाचवलेले पैसे डीपीएफ बदलताना व्याजासकट जातात.

उलटा घोळही होतो. एपीआय एफए-४ हे डिझेलचंच, पण मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑईल आहे. ज्या इंजिनाच्या पुस्तकात ते नाही, त्यात टाकू नका.

प्रश्न : ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल मोटारसायकलमध्ये चालेल?

डब्यावर जासो (मोटारसायकल ऑईलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ असेल आणि ग्रेड जुळत असेल तरच. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी रसायनं ऑईलमध्ये असतील तर चढावर आरपीएम वाढतो, गाडी वाढत नाही. काही डिझेल ऑईलांवर एमए छापलेलं असतं, सगळ्यांवर नसतं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला जासोचंच कमी घर्षणाचं एमबी चालतं.

प्रश्न : ऑईल बदलल्यावर दोन दिवसांत काळं आणि पातळ झालं. भेसळ असेल?

काळं होणं ही तक्रार नाही. डिझेलची काजळी ऑईलने धरून ठेवायचीच असते, ती खाली बसली तर वाईट. पातळ वाटण्याची मात्र दखल घ्या, पण गरम ऑईल बोटावर घेऊन ठरवू नका. त्याच डब्यातलं नवं ऑईल आणि चेंबरमधलं ऑईल दोन सारख्या बाटल्यांत सारखं भरा, तासभर शेजारी ठेवा, मग दोन्ही एकदम आडव्या करा. आतला बुडबुडा कुठे लवकर सरकतो ते पाहा. चेंबरच्या ऑईलमधला बुडबुडा ठळकपणे पुढे गेला, वर डिपस्टिकला डिझेलचा वास आणि पातळी वाढलेली, तर डिझेल उतरतंय. पाच टक्के डिझेल मिसळलं तरी ऑईल जवळपास एक ग्रेड खाली येतं. फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम, पंपाचं सील, गळका इंजेक्टर असा क्रम लावून तपासा. डीपीएफच्या गाडीत अर्धवट सोडलेल्या रीजनरेशननेही हेच होतं. काजळीने ऑईल जाड होतं, त्यामुळे जुन्या ऑईलमध्ये डिझेल असूनही बाटली फसवू शकते; तिथे वास आणि पातळीवरच भिस्त ठेवा. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी आहे, इंजिन सुरू करू नका.

प्रश्न : गिअर ऑईल ९० म्हणजे इंजिन ऑईल ५० च्या जवळपास दुप्पट जाड ना? इंजिनात थोडं मिसळलं तर?

नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑईल ९० म्हणजे १०० अंशांवर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, म्हणजे इंजिनाच्या ४०-५० एवढंच. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं दात्यांसाठी असतात, इंजिनाच्या उष्णतेत ती बेअरिंगच्या धातूला खातात. तेव्हा थेंबभरही नको. आणि ट्रॅक्टरला ऑईलमधले ब्रेक असतील तर मागच्या हाऊसिंगमध्येही साधं ९० नको. तिथे पुस्तकात सांगितलेलं यूटीटीओच (गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींसाठीचं ट्रॅक्टर ऑईल) लागतं, नाहीतर ब्रेक दाबताना करकर येते आणि चकत्या लवकर झिजतात.