चाकाखालची वाट : कालव्याकाठचा मुरूम आणि स्मशानातला नळ

ताई, माझी मुलगी फ्रान्समध्ये तुलूजला विमानांच्या कंपनीत आहे. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जाणार आहे. तुलूजपासून समुद्रापर्यंत कालव्याच्या काठाने सायकलने जायचं मनात आहे. वय 56, दर रविवारी 40 किलोमीटर होतात. सगळे म्हणतात, रस्ता सपाट आहे, कुठलीही सायकल चालेल. खरं का?
— एक वाचक, नाशिक

सपाट आहे हे खरं. कुठलीही सायकल चालेल हे मलाही सांगितलं होतं, आणि मी ऐकलं. तुलूजमध्ये भाड्याने मिळाली ती 28 मिलिमीटरच्या अरुंद टायरची. दुकानदार म्हणाला, "बाई, कालवाच तर आहे." चौथ्या दिवशी मला पाण्याची बाटली उघडता येईना, मनगटं अशी सुजली होती.

हा कालवा म्हणजे कनाल द्यु मिदी. तुलूजपासून 'तो' नावाच्या तळ्यापर्यंत 240 किलोमीटर. हे तळं सेत बंदराशी समुद्राला मिळतं. काम 1666 मध्ये मंजूर झालं आणि 1681 मध्ये कालवा सुरू झाला. ज्या पिएर-पोल रिकेने तो खणला तो आदल्याच वर्षी गेला, बिचाऱ्याला उद्घाटन बघायला मिळालं नाही. पूर्वी घोडे काठावरून चालत नावा ओढायचे. आपण सायकल चालवतो ती त्या घोड्यांची वाट.

तुलूजपासून पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. त्यात चढ एकूण साठ मीटरचा, तोही कळत नाही. मग नोरूझची खिंड येते, समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटर. खिंड कसली, आपल्याकडे टेकाडसुद्धा म्हणणार नाहीत. पण याच्या आसपास जिल्हा बदलतो, डांबर संपतं आणि खरी वाट सुरू होते. कुठे दाबून बसवलेला मुरूम, कुठे शेतातल्यासारखी दोन चाकोऱ्यांची माती, कुठे नुसती पायवाट. काही टप्पे अलीकडे छान केलेत. पण जिथे जुनी झाडं आहेत तिथे मुळं वर आलीत, आणि माझी मनगटं गेली ती तिथेच, त्रेबच्या पुढे मार्सेयेतकडे जाताना. ही झाडं म्हणजे काश्मिरी चिनारचे भाऊबंद. 2006 पासून त्यांना बुरशीचा रोग लागलाय. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून आली असं मानतात. हजारो झाडं तोडावी लागली, नवी लावलीत. म्हणून फोटोतली हिरवी कमान सगळीकडे मिळेल असं समजू नका. बरेच पट्टे उघडे आहेत, आणि सप्टेंबरचं तिथलं दुपारचं ऊन काही थट्टा नाही.

तेव्हा टायर 40 मिलिमीटरचे घ्या, हवा थोडी कमी ठेवा. पुढे शॉकअप नसला तरी चालेल. दिवस सहा धरा. पहिल्या दिवशी कास्तेलनोदारी (65 किलोमीटर, पण बहुतेक डांबराचे), दुसऱ्या दिवशी कारकासोन (40), मग ऑम्स, मग कापेस्तां, आणि शेवटचे दोन दिवस बेझिए, आग्द, समुद्र. तुम्हाला वाटेल फार थोडं झालं. मुरमावरचे चाळीस म्हणजे नाशिकच्या रस्त्यावरचे साठ समजा.

शिवाय थांबायला कारणं भरपूर. नावा वरखाली करायचे दारांचे हौद, म्हणजे लॉक, इथे अंडाकृती आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्यातली एक ढासळली. मग रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला. आपली विहीर गोल का बांधतात ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे चटकन उमगेल. मातीचा दाब कमानीने पेलायचा. एखाद्या लॉकपाशी नाव आली की बसा निवांत, पाणी भरेपर्यंत डबा खाऊन होतो. बेझिएजवळ फोन्सेरानला तर एकाखाली एक अशी पाण्याची पायरीच आहे, एकवीस मीटरहून जास्त उतरते.

त्याच्या आधीचा 54 किलोमीटरचा पट्टा मात्र एकही लॉक नसलेला. पाण्याची पातळी राखायची म्हणून कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळसे घेत जातो. कापेस्तांच्या चर्चचा मनोरा मला दिसला तेव्हा वाटलं, आलं गाव. तासाभराने तो अजून तेवढाच लांब होता, फक्त डाव्याचा उजव्या हाताला गेला होता.

दिशा तुलूजहून समुद्राकडे हीच ठेवा. तिथे पश्चिमेकडून सेर्स नावाचा वारा सुटतो, तो पाठीशी राहतो. कधी उलटा, आग्नेयेकडून ओतां वाहतो. तो अंगावर आला तर हुज्जत घालू नका. रेल्वे जवळपास कालव्याला धरूनच जाते. कास्तेलनोदारी, कारकासोन, बेझिए, आग्द, सगळीकडे स्टेशन आहे, आणि टीईआर या स्थानिक गाड्यांत जागा असेल तर सायकल फुकट नेतात. मी एक दिवस नेली. लाज वाटली नाही.

आम्ही दोघं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्या कालव्याकाठच्या खेड्यांत उपाशी राहू का? आणि पाणी विकतच घ्यायचं का?
— एक दांपत्य, सोलापूर

उपाशी राहाल, पण शाकाहारामुळे नाही, घड्याळामुळे. गावातली दुकानं बारा-साडेबाराला बंद होतात ती दुपारी उशिराच उघडतात. रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. सोमवारी बेकरीला बऱ्याच ठिकाणी सुट्टी. सकाळी नऊच्या आत पाव घेऊन ठेवायचा हा नियमच करा. तिथल्या पारंपरिक 'बागेत'मध्ये, म्हणजे लांबड्या पावात, पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, बस. अंडं नाही. गोड पदार्थांत मात्र अंडं असतंच म्हणून समजा. चीजबद्दलही सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी: जुन्या नावाजलेल्या चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. चालत नसेल तर पाकिटावर बघून घ्या. कास्तेलनोदारीत प्रत्येक पाटीवर कासुले दिसेल. पांढऱ्या घेवड्याची उसळ वाटते, आत बदक आणि डुक्कर असतं.

तुम्ही सोलापूरचे, तुम्हाला मी काय सांगावं? अर्धा किलो शेंगाचटणी न्या. ताजा बागेत, लोणी आणि वर चटणी. लॉकच्या कट्ट्यावर मी हेच खाल्लं.

पाण्यासाठी गावाबाहेरचं स्मशान शोधा. हसू नका. फ्रान्समधल्या सायकलवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. थडग्यांवरच्या फुलांना घालायला दाराशी नळ असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चपला बाहेर काढाव्यात की काय कळेना. एक आजी पितळी झारी भरत होत्या. मी "बाँजूर" म्हटलं, त्यांनी सरकून जागा दिली. बाँजूर आधी म्हणायचं, मग काय ते मागायचं. हे दुकानातही लागू. नळावर "नों पोताब्ल" लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

कालवा कंटाळवाणा वाटतो. चढ हवेत, डोंगर हवा, पण डांबर नको. त्याच भागात काही?
— एक वाचक, कोल्हापूर

कंटाळवाणा म्हणणाऱ्याने आधी चालवून बघावा. पण असो. कालव्याला पाणी पुरवणारा एक छोटा पाट नोरूझला येऊन मिळतो. त्याच्या काठाने उलटं वर गेलात की रेव्हेलमार्गे सें-फेरिओलच्या तलावाशी पोचता. हे धरण 1667 ते 1672 मध्ये बांधलं. त्यामागे काळा डोंगर, मोंताञ न्वार. जंगलातले मातीचे रस्ते आणि तुम्हाला हवे तेवढे चढ. पुढे माझामे ते बेदारिय अशी जुन्या रेल्वेमार्गाची वाट आहे, पासा पाइस नावाची, सुमारे 80 किलोमीटर. रेल्वेची म्हणून चढ सौम्य, पण बोगदे आहेत, दिवा हवाच. त्याहून मोठी खुमखुमी असेल तर मोर्वां भागातल्या आव्हालों गावापासून भूमध्य समुद्रापर्यंत मासिफ सांत्राल हा मध्य फ्रान्सचा डोंगराळ प्रदेश ओलांडणारा 1400 किलोमीटरच्या आसपासचा मार्ग आहे. तो मात्र जाड टायरच्या माउंटन बाइकचा, हौसेने जाऊन परत येण्यातला नाही.

शरद ऋतूत जंगलात जाणार असाल तर शिकारीचा हंगाम असतो हे ध्यानात ठेवा, रविवारी विशेष. वाटेच्या तोंडाशी शिकारीची पाटी दिसली तर दुसरी वाट धरा. अंगात भडक नारिंगी काहीतरी असू द्या. खाकी नको.

ट्यूबलेस करून घेऊ की साध्या ट्यूब चालतील?
— एक वाचक, ठाणे

ट्यूबलेस. बेझिएच्या अलीकडे मी झाडाखाली सायकल आडवी केली आणि उचलली तेव्हा दोन्ही टायर काट्यांनी भरले होते. तीन टोकांचे, ओळखीचे. आपलाच सराटा! भूमध्य समुद्राकाठी तो रानोमाळ उगवतो. चार भोकं, जवळ दोन ट्यूब. गवतात सायकल टेकवू नका.